पुढाऱ्यांवर राग आलाय? मग सुरुवात मतदार यादीपासून करा

सध्या कुठेही चार माणसं बसली की, एसटी स्टँड असो नाहीतर सोसायटीचं गेट, विषय फिरून फिरून तिथेच येतो, की मत द्यायचं तरी कशाला, आपण ज्याच्या विरोधात मत दिलं त्याच्याच मांडीला मांडी लावून आपला माणूस दुसऱ्या दिवशी बसलेला असतो. आणि हे बोलणारे चुकीचं बोलतात असं मला अजिबात वाटत नाही. जून 2022 मध्ये शिवसेनेचे 40 आमदार वेगळे झाले, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली, पक्षांतरबंदी कायदा 1985 पासून आहे पण जानेवारी आणि फेब्रुवारी 2024 ला विधानसभा अध्यक्षांचे निकाल आले तेव्हा दोन्ही प्रकरणात मिळून एकही आमदार अपात्र ठरला नाही. 2019 ला रांगेत उभं राहून बटण दाबणाऱ्याला या सगळ्यात कुणी एका शब्दाने विचारलं नाही. त्यात महापालिकांचं वेगळंच, मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये, मधली जवळपास चार वर्षं गटार तुंबलं तर फोन करायला नगरसेवकच नाही, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात.

तर राग खरा आहे. पण तो जातो कुठे तर व्हॉट्सॲप स्टेटसवर, टीव्हीवरच्या भांडणात, आणि शेवटी मतदानाच्या दिवशी सुट्टी टाकून लोणावळ्याला. त्याने कुठल्याही पुढाऱ्याचं काडीचंही नुकसान होत नाही, उलट जो माणूस घरी बसला त्याची किंमत त्यांच्या हिशोबात शून्य होते, कारण कुठल्या बूथवर किती मतदान झालं हे प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याकडे कागदावर असतं. आमदार-खासदाराला मधेच परत बोलवायचा अधिकार आपल्याकडे नाही, त्यामुळे जे हातात आहे ते नीट वापरायचं, आणि ते लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे. खाली लिहितोय ते सगळं मतदानाच्या दिवसाचं नाही, त्याच्या आधीचं आणि नंतरचं जास्त आहे.

पहिलं काम, यादीत नाव बघणं, आणि आजच

मतदान कार्ड आहे म्हणजे मतदान करता येईल असं नाही. हे वाक्य दोनदा वाचा कारण दर निवडणुकीला बूथवर सगळ्यात जास्त रडारड यावरच होते. कार्ड ही ओळख आहे, हक्क यादीतल्या नावाने मिळतो. कार्ड नसेल आणि यादीत नाव असेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटोवालं बँक पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड यातलं काहीही चालतं. उलटं मात्र चालत नाही.

नाव बघायला निवडणूक आयोगाचं ईसीआयनेट ॲप आहे (आधी व्होटर हेल्पलाइन होतं), व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन ही साइट आहे, आणि नेट जमत नसेल तर 1950 ला फोन. कार्डावरचा एपिक नंबर टाकून शोधा, नावाने शोधू नका, कारण मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंग यादीत काय करून ठेवलेलं असतं ते देवालाच माहीत, "ज्ञानेश्वर" चार प्रकारे सापडतो. आणि फक्त स्वतःचं बघून थांबू नका, घरातल्या सगळ्यांचं बघा, विशेषतः म्हातारी माणसं आणि लग्न होऊन आलेल्या मुली, कारण नावं गळतात ती यांचीच. माहेरच्या यादीतलं नाव तसंच राहतं, सासरी चढवलेलं नसतं आणि पाच वर्षं कुणाच्या लक्षात पण येत नाही.

नाव नसेल तर फॉर्म 6. पत्ता बदलला असेल, नावात चूक असेल, कार्ड हरवलं असेल तर फॉर्म 8. पुण्यात नाहीतर नवी मुंबईत भाड्याने राहणारे जे आहेत ना, गावाकडे नाव आहे म्हणून मतदानाला गाडी करून जाऊ असं म्हणतात आणि शेवटी जात नाहीत, त्यांनी सरळ फॉर्म 8 भरून नाव इकडे आणावं. रजिस्टर केलेला भाडेकरार चालतो. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याने बंदी आहे आणि अर्जात खोटं लिहिणं गुन्हा आहे, तेव्हा इकडे फॉर्म 6 भरून तिकडचं तसंच सोडायचं हा प्रकार करू नका. वयाचं म्हणाल तर 18 पूर्ण झालेलं मोजायला आता वर्षात चार तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, आणि 17 झाल्यावर आगाऊ अर्ज करून ठेवता येतो. परदेशात असाल पण पासपोर्ट भारतीय असेल तर फॉर्म 6अ आहे, मत द्यायला मात्र स्वतः बूथवर यावं लागतं.

अर्ज भरला की बीएलओ, म्हणजे तुमच्या बूथची यादी सांभाळणारे कर्मचारी, येतात. हे बहुतेक झेडपीच्या शाळेतले सर किंवा अंगणवाडीच्या ताई असतात, स्वतःचं काम सांभाळून उन्हातान्हात हे करत असतात, त्यांच्यावर पुढाऱ्यांचा राग काढू नका. ताईंना पाणी विचारा, कागद हातात द्या, त्यांचा नंबर घ्या, आणि अर्जाचा रेफरन्स नंबर स्वतःकडे लिहून ठेवा. बीएलओशी ओळख असणं हे नगरसेवकाशी ओळख असण्यापेक्षा मतदाराच्या जास्त कामाचं आहे असं माझं ठाम मत आहे. दाराला कुलूप असेल तर "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा पडू शकतो, तेव्हा शेजारच्यांना सांगून ठेवा.

आता फॉर्म 7 बद्दल, कारण याच्याबद्दल कुणी बोलत नाही. हा नाव काढायचा फॉर्म आहे आणि तो तुमच्याबद्दल दुसरा मतदार पण भरू शकतो. मेलेल्याचं नाव काढायला हा लागतोच, पण तुमचं नाव कुणी परस्पर काढायला गेलं तर काय? कायद्याने तुम्हाला नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढता येत नाही. नोटीस न येता नाव गेलं, किंवा फॉर्म 6 नामंजूर झाला, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या त्या आदेशावर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं आणि तिथेही नाही झालं तर पुढच्या 30 दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. यात वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो. यादीत गडबड होतच नाही असं समजू नका, 2024 ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात हजारो बोगस ऑनलाइन अर्ज सापडले होते आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला होता. आणि 2025 मध्ये बिहारमध्ये यादीची फेरतपासणी झाली तेव्हा प्रारूप यादीतून 65 लाख नावं बाहेर होती, शेवटी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कुणाचं नाव का गेलं ते कारणासकट जाहीर करा. तीच मोहीम नोव्हेंबर 2025 पासून गोव्यातही सुरू झाली, तेव्हा प्रारूप यादी लागली की पहिल्या आठवड्यात बघायची, "आपलं कशाला जाईल" असं म्हणत बसायचं नाही.

महापालिका, झेडपी, ग्रामपंचायतीची गोष्ट वेगळी

या निवडणुका दिल्लीचा आयोग नाही घेत, राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि तो स्वतःची यादी करत नाही. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला उचलतो आणि प्रभागवार कापतो. म्हणजे काय तर त्या तारखेला तुमचं नाव विधानसभेच्या यादीत नसेल तर नंतर कितीही आरडाओरडा करा, उपयोग नाही. मागच्या वेळी ही तारीख 1 जुलै 2025 होती आणि मतदान नगरपालिकांचं डिसेंबरमध्ये, महापालिकांचं जानेवारीत, त्यामुळे मधल्या काळात 18 झालेली सगळी पोरं बाहेर राहिली. प्रभागाची प्रारूप यादी लागते तेव्हा हरकत कशावर घेता येते तर नाव चुकीच्या प्रभागात पडलंय, विधानसभेच्या यादीत आहे पण इथे गळालंय, अशा गोष्टींवर. आणि हे फार होतं. एकाच बिल्डिंगचे दोन विंग दोन प्रभागात, नवरा इकडे बायको तिकडे. हरकतीचे दिवस कमी असतात, सोसायटीने एक माणूस नेमून सगळ्यांची नावं एकदम तपासावी आणि एकत्र हरकत द्यावी, एकेकट्याने गेलं की कर्मचारी फॉर्म घेतात आणि पुढे काय झालं कळत नाही. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

तुमच्या नावापुढे दोन चांदण्या दिसल्या तर तुम्ही दुबार मतदार म्हणून मार्क झालाय. घाबरायचं कारण नाही, कुठे मत देणार ते लिहून द्यायचं असतं, ते आधीच देऊन टाका, नाहीतर बूथवर हमीपत्र भरण्यात वेळ जातो.

उमेदवाराचा कागद वाचा, भाषण नको

लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला फॉर्म 26 मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं, आणि हे सुप्रीम कोर्टाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे आपल्याला मिळालंय, कुठल्या पक्षाने प्रेमाने दिलेलं नाही. आयोगाच्या साइटवर स्कॅन असतो, नाहीतर एडीआर या संस्थेच्या मायनेता साइटवर सोप्या तक्त्यात मिळतं.

वाचायचं कसं ते सांगतो. नुसता कोटींचा आकडा बघून तोंडात बोट घालू नका. त्याच माणसाचं मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी उघडा. पहिल्यांदा बायकोच्या नावाचा रकाना बघा, मग एचयूएफ म्हणजे एकत्र कुटुंबाच्या नावावरची मालमत्ता, मग शेतजमीन. जमिनीच्या रकान्यात गट नंबर, क्षेत्रफळ, विकत घेतल्याची तारीख आणि तेव्हाची किंमत असते. पाच वर्षांत कुठल्या गावात नवीन जमीन आली आणि त्या गावाजवळून रिंग रोड किंवा बायपास जातोय का हे गावातल्या माणसाला लगेच कळतं, पत्रकाराला कळणार नाही इतकं कळतं. मग सरकारी देणी, म्हणजे पाणीपट्टी, वीजबिल, घरपट्टी थकली का तो रकाना. नंतर गुन्हे, आणि इथे जरा न्यायाने वागा, आंदोलनात रस्ता अडवला म्हणून लागलेलं कलम आणि खंडणीचं कलम एकाच तराजूत घालू नका, कलम नंबर सर्च करा आणि आरोप निश्चित झालेत का ते बघा. ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांना ते पेपरात आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावे लागतात, आणि पक्षाला पण हाच माणूस का निवडला ते सांगावं लागतं.

हे सगळं करून एक स्क्रीनशॉट सोसायटीच्या नाहीतर गावाच्या ग्रुपवर टाका, स्वतःचं काही न लिहिता. नुसता कागद. त्यावर वाद घालणं फार अवघड असतं.

प्रचारात पैसे, साड्या, दारू वाटप दिसलं तर लोकसभा-विधानसभेला ईसीआयनेट ॲपमध्येच सीव्हिजिल आहे, फोटो किंवा व्हिडिओ तिथूनच काढायचा, लोकेशन आपोआप जातं, नाव लपवता येतं, आणि 100 मिनिटांत कारवाईचं उत्तर द्यायचं बंधन आहे.

बूथवर

फोन घरी ठेवा किंवा गाडीत, मतदानाच्या खोलीत तो चालत नाही, कितीतरी माणसं तेवढ्यावरून परत जातात. नोकरी करणाऱ्यांनी लक्षात घ्या, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135ब प्रमाणे मतदानाची सुट्टी पगारी आहे आणि रोजंदारीवाल्यांनाही ती लागू आहे, मालक पगार कापू शकत नाही. घरकाम करणाऱ्या मावशींना, वॉचमन काकांना हे तुम्ही सांगा, आणि स्वतःच्या घरी आधी पाळा. लोकसभा-विधानसभेला घरात 85 च्या वरचं कुणी असेल किंवा 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर घरून मत देता येतं, त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत फॉर्म 12ड द्यावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही रांगेत तासभर उभं राहून टेबलापर्यंत पोचता आणि साहेब यादी बघून म्हणतात, तुमचं मत झालंय. दहापैकी नऊ माणसं शिव्या घालत घरी जातात. जाऊ नका. शांतपणे एवढंच म्हणा, "साहेब, मी मत दिलेलं नाही, माझं ओळखपत्र हे बघा, मला नियम 49प प्रमाणे टेंडर मत द्यायचंय." मराठीत त्याला प्रदत्त मत म्हणतात. ओळख पटली की केंद्राध्यक्षाला ते द्यावंच लागतं. मशीनवर नाही, कागदी मतपत्रिका देतात, फॉर्म 17ब मध्ये तुमचं नाव आणि सही घेतात, मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जाते. तुमच्या बोटाला शाई नसेल तर ते बोट दाखवा, तोच पुरावा. खरं सांगायचं तर हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला आणि फरक थोडा असेल तर हीच पाकिटं महत्त्वाची होतात. 2024 ला मुंबई उत्तर पश्चिम लोकसभेचा निकाल 48 मतांवर लागला आणि नंतरच्या याचिकेत टेंडर मतांचा मुद्दा आलाच. साकोलीत विधानसभेचा फरक 208, मालेगाव मध्यमध्ये 162. राजस्थानात 2008 ला नाथद्वाराची जागा एका मताने गेली. आणि निकाल तुमच्या नावाने दुसऱ्याने मत दिलंय म्हणून लागला तरी फॉर्म 17ब मध्ये नोंद नसेल तर तुमच्या नावाने चोरी झाली हे कुठल्याच सरकारी कागदावर येत नाही.

विधानसभा-लोकसभेला व्हीव्हीपॅटची चिठ्ठी 7 सेकंद दिसते, बघूनच हला. चिठ्ठी चुकीची आली तर तिथेच केंद्राध्यक्षाला सांगता येतं, लेखी घेतात आणि चाचणी मत घेऊन बघतात, पण खोटी तक्रार गुन्हा आहे तेव्हा खात्री असेल तरच. महापालिकेला व्हीव्हीपॅट नसतं, आणि मुंबई सोडून बाकी ठिकाणी एका प्रभागात बहुतेक चार जागा, म्हणून चार बटणं. एक दाबून निघालं की मतदान अपूर्ण राहतं आणि मशीन अडतं. प्रत्येक जागेला वेगळं मत द्या, एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर तिथे नोटा, म्हणजे "यापैकी कुणीही नाही" हे बटण.

नोटाबद्दल खरं काय ते

नोटा 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आला. लोकसभा-विधानसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखाल मतं घेतलेला उमेदवारच जिंकतो. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा 27 हजारांच्या वर मतं घेऊन दुसऱ्या नंबरवर होता, 2024 ला इंदूरमध्ये 2 लाखांच्या वर गेला, निकाल काही बदलला नाही. म्हणून माझं मत असं की विधानसभेला नोटा हा शेवटचा पर्याय ठेवा, आधी अपक्ष आणि लहान पक्षांच्या उमेदवारांचे कागद तरी बघा.

स्थानिक निवडणुकीत मात्र गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला की नोटाला सर्वात जास्त मतं पडली तर ती निवडणूक रद्द होऊन परत घ्यायची. म्हणजे प्रभाग लहान, मतं थोडी, आणि तिथे नोटाला दात आहेत. पण बिनविरोध झालं की मतदानच होत नाही, नोटाही गेला. गावात बोली लावून सरपंचपद विकलं जात असेल तर व्हिडिओसकट आयोगाकडे तक्रार करा, हे वाया जात नाही, जानेवारी 2021 मध्ये नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी ग्रामपंचायतीची निवडणूक आयोगाने याच कारणाने रद्द केली होती.

निकालानंतर

इथे बहुतेक लोक झोपतात आणि पुढाऱ्यांना तेच हवं असतं. निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा पुरावा असेल तर लोकसभा-विधानसभेच्या निकालापासून 45 दिवसांत हायकोर्टात याचिका करता येते, आणि ती फक्त हरलेला उमेदवारच नाही, त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार करू शकतो. खर्चिक आहे, पण दार उघडं आहे.

रोजच्या वापराचं हत्यार म्हणजे निधीचा हिशोब. खासदाराला वर्षाला 5 कोटी, आपल्या आमदारालाही 5 कोटी स्थानिक विकास निधी असतो. त्याची कामं जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या ऑफिसातून मंजूर होतात. माहिती अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपये फी, ऑनलाइन पण होतो, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे म्हणून भाषण लिहू नका. असं लिहा: "अमुक विधानसभा मतदारसंघात 2024-25 मध्ये आमदार निधीतून मंजूर झालेल्या कामांची यादी, प्रत्येक कामाची मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम, ठेकेदाराचं नाव आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्या प्रती द्याव्यात." बस. "का केलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही, कागद मागा. मग ती यादी घेऊन रविवारी सकाळी दोघंतिघं चालत निघा. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, व्यायामशाळा, एकेक काम जागेवर आहे का बघा आणि फोटो काढा. कागदावर दिसणारा हायमास्ट जागेवर नसला की जो फोटो निघतो त्यापुढे कुठलंही भाषण फिकं आहे.

गावात असाल तर ग्रामसभा. वर्षाला किमान चार व्हायलाच हव्यात, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी बहुधा ठेवतात, आणि सात दिवस आधी नोटीस लागते. तिथे जाऊन मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हणायचं, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आधीचे ग्रामसेवक) ते द्यावं लागतं, आणि आपला प्रश्न तोंडी न ठेवता लेखी देऊन इतिवृत्तात घ्यायला लावायचा. सह्या घ्यायला रजिस्टर फिरतं तेव्हा वर सभेचा विषय लिहिलाय का बघूनच सही करा, कोऱ्या पानावर नको. शहरात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा आणि टोकन घ्यायचं, आचारसंहिता असेल तेव्हा मात्र तो होत नाही.

माहिती अधिकाराला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत त्याच ऑफिसातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करा, आणि तिथेही गप्प बसले तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. तारखा मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, कारण मुदत संपली की आधी उशीर का झाला याचं कारण पटवत बसावं लागतं आणि तिथेच अर्धी प्रकरणं अडकतात.